ओढ्यातून जाणारी सायकल

ती घटना मला आठवत नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. पोलीस खात्यातली जुनी मंडळी जमली की कोणी तरी विषय काढायचंच, "अरे, तुझी ती कार्बाइडची केस सांग की!" आणि मी म्हणायचो, "जुनी गोष्ट झाली, आता कुठलं लक्षात राहायला." खोटं बोलत होतो. त्या संध्याकाळी ठाण्याच्या दारात कोण कुठे उभं होतं, तेही मला सांगता येईल. त्या तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली होती. म्हणूनच तोंड उघडत नव्हतं. आता मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसलो आहे, पन्नाशी उलटली आहे. नावं कोणाचीच देत नाही. दोष कोणाचा हे नावांशिवायही कळेल.

मी तेव्हा मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. पिंपरी, चिंचवड, भोसरी या बाजूला ज्वारीच्या रानांत कंपन्या उभ्या राहत होत्या. भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि ज्या रस्त्याने मुंबईचे ट्रक धावायचे त्याच रस्त्याला लागायचा. थंडीत सहा वाजताच अंधारून यायचं. अपघात व्हायचे. मरायचे ते सायकलवाले, आणि वरून हुकूम आला तोही सायकलवाल्यांवर केसेस करण्याचा. ट्रकच्या मागे मालक होता, मालकाच्या मागे आणखी कोणी होतं. सायकलवाल्याच्या मागे फार तर डबलसीट बसलेला दुसरा कामगार असायचा.

नाका आम्ही फाट्यावर लावायचो, दिवेलागणीला. सायकलला दिवा नाही, डबलसीट, नगरपालिकेचा बिल्ला नाही, असे ठरलेले गुन्हे. केस लिहायची म्हणजे नाव, पत्ता, कोर्टाची तारीख, वेळ जायचा. म्हणून आमच्या जमादाराने सोपी रीत काढली होती. सायकल अडवायची, चाकाचा व्हॉल्व्ह उपटायचा आणि म्हणायचं, "जा आता चालत." कायद्यात असं काही बसत नव्हतं, पण सगळीकडे असंच चालायचं. उपटलेले व्हॉल्व्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. रात्री तो डबा माझ्या टेबलावर खुळखुळवून जमादार म्हणायचा, "साहेब, आजचं पीक बरं हाय."

मी हसायचो.

नाका लांबून दिसला की डबलसीट बसलेला गडी टुणकन उतरायचा आणि आपण या गावचेच नाही अशा चेहऱ्याने चालायला लागायचा. दिवा नसलेला उतरून सायकल हातात धरायचा. हातात धरून नेणाऱ्याला दिव्याची सक्ती नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. तरी आम्ही त्यांना धरायचो. "आत्ता उतरलास. वळणावर सीटवरच होतास," असं म्हटलं की संपलं. पोलिसाने म्हटलं म्हणजे तो सीटवर होता.

त्याच हिवाळ्यात भोसरीच्या बाजूच्या एका कंपनीकडून तक्रार आली. कार्बाइडच्या टिपा चोरीला जात होत्या. ही टीप म्हणजे नखाएवढा तुकडा, लेथच्या हत्याराला टोकाशी बसवतात, त्याने पोलाद कापलं जातं. वस्तू एवढीशी, पण महाग, आणि पुण्यात गिऱ्हाईक तयार. गेटवर कामगारांचे खिसे, डबे, चपलासुद्धा तपासून झाल्या होत्या. माल बाहेर जातच होता. वरून रोज विचारणा होऊ लागली, "काय प्रगती?" प्रगती काही नव्हती.

मग खबर मिळाली. खबर देणारा त्याच कंपनीतला स्टोअरकीपर होता. माणूस टापटिपीचा. त्याची सायकल आमच्या नाक्यावर कौतुकाचा विषय होती. बिल्ला घासून चकचकीत, घंटी खणखणीत, पुढे मोठा गोल डायनॅमोचा दिवा. तो नाक्यावरून ऐटीत जायचा आणि जाता जाता टोमणा मारायचा, "काय जमादार, आज किती जणांना पायी धाडलंत?" कधी ठाण्यात चहालाही थांबायचा. असाच एकदा माझ्यासमोर खुर्चीत बसून त्याने बशीत चहा ओतला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, तुमचा नाका चुकवून एक जण रोज ओढ्यातनं जातो. सायकल खांद्यावर घेऊन. सरळ माणसाला ओढ्यात काय काम, सांगा?"

"कोण?"

"आमच्याच मशीन शॉपमधला, टेंपररी. माझं नाव तेवढं मध्ये येऊ देऊ नका. मला रोज त्या लोकांत वावरायचं असतं."

मला पटलं. कोणालाही पटलं असतं, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी जमादार आणि दोन शिपाई ओढ्यात घाणेरीच्या झुडपांआड बसले. तो आला. सायकल खांद्यावर, हँडलला जेवणाचा डबा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तोंडावर बॅटरी मारली तर पळाला नाही. सायकल हळूच खाली ठेवली आणि हात जोडले. पळाला नाही, ही गोष्ट मी तिथेच विचारात घ्यायला हवी होती.

ठाण्यात आणून त्याची झडती घेतली. डबा, खिसे, पायताण. मग सायकल. सीट काढलं, हँडलच्या मुठी उपसल्या, दोन्ही ट्यूबा फाडून बघितल्या. काही निघालं नाही. त्याचा अर्थ आम्ही असा लावला की माल आधीच पोचता केला असणार.

जमादाराने विचारलं, "राहतो कुठं?"

"पिंपरीत. वस्तीत, बुद्धविहाराच्या मागं."

त्यानंतर जमादाराचा आवाज बदलला. माझाही बदलला असेल, स्वतःचा आवाज स्वतःला कळत नाही. स्टोअरकीपरला मी खुर्ची दिली होती. हा फरशीवर बसला होता, आणि त्याला बसायलाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी विचारलं, "ओढ्यातनं का जातोस?"

तो म्हणाला, "तुमच्याच पायी, सायेब."

मला तो उर्मटपणा वाटला. मी मुस्कटात मारली. पुढचं जमादाराने केलं, पण हात आधी माझा उठला, हे इथे लिहून ठेवतो.

मग त्याने तेच नीट सांगितलं. अडखळत सांगितलं, पण नीट सांगितलं. "सायेब, सायकलचा दिवा वस्तीतनं चोरीला गेला. मागं नाक्यावर तुमच्या मानसांनी चाकाचा वाल काढला. दुकान बंद झालतं. सकाळी पायी गेलो, तवर गेट लागलं. खाडा पडला. सुपरवायझर म्हनला, औंदा तुझं नाव पर्मनंटच्या यादीत घातलंय, पर आनखी एक खाडा पडला तर खोडतो. म्हून ओढ्यातनं जातो. तिथं तुमी नसता."

"दिवा चोरीला गेला तर फिर्याद का नाही दिलीस?" जमादार म्हणाला.

"तुमी घेतली असती का, दिव्याची फिर्याद?"

दारातला शिपाई हसला. जमादाराने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला, आणि त्या हसण्याची भरपाई फरशीवर बसलेल्याला द्यावी लागली.

या कामात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. खोटं बोलणारा आपली हकिगत प्रत्येक वेळी त्याच शब्दांत सांगतो, कारण त्याने ती पाठ केलेली असते. खरं बोलणाऱ्याचे शब्द दर वेळी बदलतात, गोष्ट बदलत नाही. त्या माणसाने ती हकिगत आम्हाला अनेकदा सांगितली. शब्द प्रत्येक वेळी वेगळे होते. हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याच रात्री आलं होतं. पण हातात एकच माणूस होता, आणि सकाळी वरून विचारणा झाली तर 'इसम ताब्यात आहे' एवढं तरी सांगता येणार होतं. मी त्याला बसवून ठेवला. 'बसवून ठेवणं' हा आमचा शब्द. अटक नाही, नोंद नाही. माणूस आत असतो आणि कागदावर नसतो.

त्याने मारू नका असंही म्हटलं नाही. एकच मागणी केली. "सकाळच्या शिफ्टला सोडा, सायेब. पायजे तर संगं शिपाई द्या गेटापर्यंत. सुटी झाली की मी आपला आपन हितं येतो. पर खाडा पडू देऊ नका."

मी म्हटलं, "बघू."

सकाळी कंपन्यांचे भोंगे ठाण्यात ऐकू यायचे. पहिल्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा मी हजेरी घेत होतो. कोठडीत तो झोपेतून उठावा तसा ताडकन उभा राहिला, गजांपर्यंत आला, आणि भोंगा थांबेपर्यंत तसाच उभा होता. मग खाली बसला. त्यानंतर त्याने दिवसभर काही मागितलं नाही. पाणीसुद्धा नाही.

संध्याकाळी त्याची बायको आली. शिकलेली नव्हती, पण भेदरलेलीही नव्हती. पदर खोचलेला, चालत आल्याने धूळ गुडघ्यांपर्यंत, आणि हातात पेटवलेला कंदील. काच पुसून लख्ख केलेली. दारात उभी राहून ती म्हणाली, "सायेब, दिवा आनलाय. शेजारनीचा हाय, पर वापरा म्हनली. आता सोडा त्यांना."

तिला वाटत होतं, नवरा दिव्यापायी धरला आहे. वस्तीत दुसरं कोणाला काय वाटणार? पोलीस माणसं धरायचे ती दिव्यापायीच. चोरीच्या संशयावर आहे म्हणावं, तर संशयाला आधार काय? मी कागद चाळत बसलो.

त्याच वेळी स्टोअरकीपर आला होता. कंपनीतून सरळ. सायकल व्हरांड्यासमोर स्टँडवर लावून, आत येऊन नेहमीच्या खुर्चीत चहा घेत बसला होता. "काय, झाला का कबूल?" त्याने हळूच विचारलं. मी मान हलवली. "चिवट असतात," तो म्हणाला.

बाहेर जमादार त्या बाईची थट्टा करत होता. माणूस अगदी वाईट नव्हता, पण कोणी भाबडं समोर आलं की त्याला राहवत नसे. "अगं बाई, ह्यो कंदील हाय. ह्यो गोठ्यात टांगायचा. सायकलला असा दिवा चालत न्हाई सरकारला. हिकडं ये, तुला दिवा दावतो." तिला घेऊन तो स्टोअरकीपरच्या सायकलपाशी गेला. "ह्यो बघ. ह्याला म्हंत्यात दिवा. ह्यो डायनामा चाकाला टेकवायचा, आन्‌ पायडल फिरवायचं. बघ कसा पेटतो."

माझ्यासमोर स्टोअरकीपरच्या हातातली बशी थांबली. "जमादार, राहू द्या हो," तो तिथूनच ओरडला, "बल्ब नाजूक आहे!"

जमादाराने पायडल जोरात फिरवलं होतं. दिवा पेटला. मागचं चाक गरगरत होतं, सगळी सायकल थरथरत होती, आणि त्या थरथरीबरोबर दिव्याच्या आत काही तरी वाजत होतं. आमच्या डब्यातले व्हॉल्व्ह वाजायचे तसं. जमादाराने चाक धरलं. पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे वळून, थट्टेचा सूर पार गेलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, ह्याचा दिवा वाजतोय."

स्टोअरकीपर उठला, पण दारात शिपाई होता. पंच बोलावले, त्यांच्यादेखत दिव्याची पुढची कडी काढली. बल्बच्या मागे, पत्र्याच्या पोकळीत, यंत्रं पुसायच्या कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेल्या टिपा. त्या दिवशी गुंडाळी ढिली झाली होती, एवढंच. आम्ही नाक्यावर दिवा नसलेल्यांना अडवत होतो, आणि माल रोज दिव्यात बसून, दिवा लावून, आमच्या समोरून जात होता. ज्याला कधीच अडवलं जाणार नाही असा एकच माणूस त्या रस्त्यावर होता, आणि तो आम्हीच तयार केला होता. लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून त्याने आम्हाला ओढ्यातला माणूस दिला. ओढ्यातला माणूसही आम्हीच तयार केला होता.

पुढचं सगळं रीतसर झालं. पंचनामा, मुद्देमाल, अटक, कबुली, पुण्यातला घेणारा. स्टोअरकीपरला शिक्षा झाली. डेप्युटी साहेबांनी फोनवर शाबासकी दिली.

सगळे तिथेच थांबतात. मीही ही हकिगत कधी सांगितलीच, तर तिथेच थांबवली असती.

पण त्या रात्री कोठडीत एक माणूस होता. एक रात्र आणि एक दिवस आत, तोंड सुजलेलं, आणि डायरीत कुठे नोंद नाही. सोडायचा तर कशात आणला होता ते दाखवायला हवं. जमादार म्हणाला, "त्यात काय साहेब, विनादिवा सायकलची केस दाखवू. किरकोळ. नाव सांगत नव्हता म्हणून ठाण्यात आणला, असं लिवू. कोर्टात गुन्हा कबूल करंल, सुटंल."

मी लिहिलं. माझ्या हाताने लिहिलं. 'सदर इसम सूर्यास्तानंतर दिव्याशिवाय सायकल चालवीत असताना मिळून आला.'

त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पर मी चालवत नव्हतो, सायेब. सायकल खांद्यावर व्हती. तुमच्या मानसांनी बघितलीया."

जमादार खाली बघत होता. मी म्हणालो, "सही कर आणि घरी जा. बायको केव्हाची उभी आहे."

त्याने सही केली. बाहेर व्हरांड्यात त्याची सायकल सुटी पडली होती, ट्यूबा फाटलेल्या. ती त्याने गोळा केली, जमेल तशी जोडली आणि रिमवर ढकलत नेली. पुढे ती कंदील घेऊन चालत होती. फाटा ओलांडून जाईपर्यंत तो उजेड दिसत होता.

कंपनीने त्याला काढलं. ठाण्यातल्या दिवसाचा एक खाडा पडलाच होता, वर कोर्टाच्या तारखेचा दुसरा, आणि पोलीस केस. टेंपररी माणसाला एवढं कारण भरपूर होतं. तो ठाण्यात आला. दोनदा. पहिल्या वेळी मी खरंच गावात नव्हतो. दुसऱ्या वेळी होतो. पडद्याआड बसलो होतो आणि बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

"सायबांची एक चिठ्ठी पायजे," तो पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगत होता. "कंपनीला. ह्याचा चोरीशी संबंध नव्हता, आमीच बसवून ठिवला व्हता, एवढंच लिवलं तरी घेतील परत. सुपरवायझर म्हनलाय घेतो म्हनून."

शिपाई आत आला. त्याने काही विचारायच्या आत मी मान हलवली. तशी चिठ्ठी देणं म्हणजे नोंद न करता माणूस डांबला, मारला आणि खोटी केस केली, हे माझ्याच सहीने लिहून देणं. माझी बढती तोंडावर आली होती. बाहेर शिपाई म्हणाला, "साहेब कामात हायेत. पुन्यांदा ये."

तो पुन्हा आला नाही.

केसने काय शिकवलं, हे अशा लेखांत सांगण्याची पद्धत आहे. तपासाच्या दृष्टीने सांगायचं तर, खबर देणाऱ्याचीही झडती घ्यावी. पोलीस शाळेत पोरांना हे सांगितलं तर ती लिहून घेतील. मला जे कळलं ते लिहून घेण्यासारखं नाही. कायदा मोडणारे कोण हे आम्ही आधी ठरवायचो आणि मग त्यांना रस्त्यावर शोधायचो. आणि चूक कळल्यावर ती झाकायला सगळ्यात छोटा, सगळ्यात किरकोळ कायदाच उपयोगी पडला. सायकलचा दिवा. एवढ्याशा केसने कोणाचं काय बिघडतंय, असं मला तेव्हा खरोखर वाटलं होतं. वाटून घेतलं होतं.

बढती झाली. काही वर्षांनी खेडच्या बाजूला बदली झाली, ऐंशी साल उलटलं होतं. एकदा भर दुपारी चाकणहून राजगुरुनगरला निघालो होतो. उन्हाळा होता, डांबर चिकटत होतं. रेडिएटर तापला म्हणून ड्रायव्हरने जीप बाजूला घेतली होती. समोरून एक सायकल येत होती. मागे कॅरिअरवर बाई बसलेली, तिच्या मांडीवर कांद्याची पिशवी. हँडलला दिवा होता, आणि तो लागलेला होता. डायनॅमो चाकावर घरघरत होता, उन्हात तो पिवळा ठिपका जेमतेम दिसत होता.

जीप दिसताच सायकल थांबली. बाई उतरली. तोही उतरला. दिवा विझला. त्याने सायकल हातात धरली आणि ती दोघं रस्त्याच्या कडेने, एकामागे एक, आमच्या जीपशेजारून चालत गेली. त्याचे केस पिकले होते. मी त्याला ओळखलं. त्याने मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही, कारण त्याने नजर सरळ पुढेच ठेवली होती. तिने मात्र एकदा बघितलं. जीप मागे पडल्यावर, चांगलं अंतर गेल्यावर, ती पुन्हा कॅरिअरवर बसली आणि डायनॅमोची घरघर परत सुरू झाली.

ड्रायव्हर हसायला लागला. "काय येडं हाय साहेब! भर उन्हात दिवा लावून चाललंय."

मीही हसलो. "गाडी काढ," म्हणालो.